सीझन झाल्यावर

आमच्या घरात दोनच ऋतू होते, सीझन आणि सीझननंतर. बाकीच्या जगात उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन असतात हे मला शाळेत गेल्यावर कळलं. अंबडच्या बाजारगल्लीत खाली अण्णांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान, आणि वर आम्ही. अक्षय तृतीया झाली की सीझन लागायचा. ट्रकमधून कपाशीच्या बियाण्याच्या पेट्या उतरायच्या आणि दुकानात मावेनाशा झाल्या की घरात चढायच्या. देवघराच्या दाराशी, माझ्या टेबलाखाली, आणि मुख्य म्हणजे जिन्यावर, प्रत्येक पायरीच्या एका अंगाला. ते तीन-चार महिने आम्ही जिना आडवे होऊन चढायचो. घरभर औषधाचा वास असायचा, किंचित गोडसर, घशात बसणारा. पाहुण्यांना त्यानं मळमळायचं, आणि आम्हाला मात्र तो वास गेला की घर परक्याचं वाटायचं. पहाटेच खाली शटरवर थापा पडायच्या. संध्याकाळपर्यंत अण्णांचा आवाज बसलेला असायचा आणि ते हातानंच चहा मागायचे. वर आईच्या भाकऱ्या चाललेल्या असायच्या. दुकानातली माणसं, खेड्यावरून आलेली ओळखीची गिऱ्हाइकं, सगळ्यांना ती परातीत झाकून भाकरी, पिठलं आणि ठेचा खाली पाठवायची. तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजावर मला झोप लागायची आणि त्याच आवाजानं जाग यायची.

जे काही कामाचं नव्हतं ते सगळं पुढे ढकललं जायचं. "सीझन झाल्यावर बघू" हे आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर होतं. माझे कान टोचायचे राहिले ते त्यामुळे. मोरीतला नळ वर्षानुवर्षं गळत राहिला तोही त्यामुळे, कारण सीझन संपेपर्यंत आम्हाला त्या टपटपीची सवय झालेली असायची. आत्याला ऐन ज्येष्ठात जालन्याचं एक चांगलं स्थळ सांगून आलं, त्यांना थांबायला सांगितलं, ते थांबले नाहीत, आणि पुढे तिला बदनापूरला दिलं. याचं कुणाला वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही, आत्याचं मला माहीत नाही. आणि हे बोलणं एकट्या अण्णांचं नव्हतं, हे मुद्दाम लिहिते. आईही तेच म्हणायची, आणि अण्णांपेक्षा जास्त तोऱ्यात. शेजारच्या बायकांनी कुठल्या लग्नाला, बारशाला बोलावलं की ती पदर खोचत सांगायची की आमच्याकडे सीझन आहे बाई, आम्हाला कुठली सवड. सवड नसणं हाच तिचा दागिना होता.

त्या वर्षी सीझन लागता लागता आईच्या छातीत गाठ लागली. तिनं अण्णांना सांगितलं. अण्णांनी विचारलं, दुखते का. ती न्हाई म्हणाली. मग दोघांनी मिळून नेहमीचं उत्तर दिलं. पोळा झाल्यावर औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की रोग पसरला आहे, औषधं देऊ, पण भरवसा देता येत नाही. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तेव्हा बारावीत होते आणि मला सांगितलं गेलं होतं की आई दाढ दाखवायला गेली आहे. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण यापुढे मी बेटांचं, हरणांचं आणि समुद्राचं लिहिणार आहे आणि वाचणाऱ्यानं ते मौजेचं म्हणून वाचू नये.

बियाण्याच्या कंपन्या डीलर लोकांना टूर घडवायच्या. ठरलेला माल उचलला की काश्मीर, उटी, नेपाळ, कुठे ना कुठे. टूर जोडप्याची असायची, पण बायकांना कुणी नेत नसे. बायकोच्या जागी मेहुणा जायचा, साडू जायचा. अण्णा दरवर्षी माझ्या मामाला नेत आणि येताना आईसाठी गरम कपडे आणत. अंबडच्या उन्हाळ्यात राहणाऱ्या माझ्या आईकडे स्वेटरांची चळत होती, शाली होत्या, कानांवरून ओढायची एक काश्मिरी लोकरीची टोपीसुद्धा होती. यातलं काहीही तिनं अंगाला लावलेलं नव्हतं. त्या वर्षीची टूर अंदमानची निघाली. जेवण वाढता वाढता आई म्हणाली, "यंदा मी जाते. मनीला घिऊन." मनी म्हणजे मी. अण्णांच्या हातातला घास हातातच राहिला. आता खडाजंगी होणार म्हणून मी ताट सरकवून बसले, तर ते खाली बघून म्हणाले, "जा." एवढंच. आईनं मागितलेली गोष्ट अण्णांनी एका शब्दात दिली, यातच सगळं आलं होतं. पण सतराव्या वर्षी विमानात बसायला मिळणार असेल तर माणूस असल्या गोष्टींचा विचार करत नाही.

गल्लीत बातमी पसरली आणि आमच्या सहलीची यात्रा झाली. आमच्याकडे बाई घराबाहेर पडते ती एक तर माहेराला, नाहीतर देवाला. मौजेसाठी इतक्या लांब जाणं कुणाच्या हिशेबातच बसेना, तेव्हा बायकांनी आपल्यापुरतं ठरवलं की सुमनबाई, म्हणजे आई, समुद्राच्या दर्शनाला चालली आहे. एकेक जण येऊन तांदळाची मूठ, सुपारी, खण असं फडक्यात बांधून देऊन गेली. माझ्या नावानं समुद्राला वाहा, असं प्रत्येकीचं सांगणं. आईनंही ते मनावर घेतलं. ज्यांचं वाहायचं त्यांना प्रसाद आणायला हवा, आणि समुद्राचा प्रसाद म्हणजे शंख, असं तिनं पक्कं केलं. मग ती दोन दिवस दुधात मळलेल्या दशम्या भाजत बसली. दशमी आठ-आठ दिवस टिकते. स्टीलच्या मोठ्या डब्यात दशम्या, वर शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा. विमानात, बोटीत, हॉटेलात, आम्ही सगळीकडे तो डबा घेऊन फिरलो. हॉटेलातल्या जेवणाला ती हात लावायची, पण पोट दशमीनंच भरायची.

जालन्याहून रेल्वे, मग चेन्नईहून विमान. सगळे मिळून डीलर लोकच, पत्ते कुटणारे, आणि बायका अशा तीनच. आई, मी आणि जालन्याच्या एका जुन्या मारवाडी पेढीच्या कांचनभाभी. भाभी जैन. सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवायच्या नाहीत. पण अंदमानात सूर्य आपल्याकडच्या चहाच्या वेळेलाच बुडायला निघतो. त्यामुळे दुपारचं जेवण पचायच्या आत त्यांचं रात्रीचं जेवण सुरू व्हायचं आणि त्या खाकरा मोडत समुद्राकडे बघून म्हणायच्या, "हा सूरज बिलकुल वेळेचा न्हाई." आई हसून हसून लाल व्हायची. त्या दोघींचं लगेच जमलं. भाभी आईला कुठे पिशवी उचलू देत नव्हत्या, बोटीत चढताना तिचा दंड धरायच्या. मला वाटलं, चांगल्या घरची बाई आहे, संस्कार आहेत.

पहिल्या दिवशी आम्हाला हरणांच्या बेटावर नेलं. तिथे इंग्रजांच्या काळची मोडकी घरं होती आणि वडाच्या मुळांनी भिंतींना असं धरून ठेवलं होतं की भिंत कुठली नि मूळ कुठलं ते कळत नव्हतं. त्यातून ठिपक्यांची हरणं फिरत होती. माणसाची भीती नाही, सरळ अंगाशी येऊन हुंगायची. आमच्याकडे हरीण म्हणजे लांब शेतात हललेली एक रेघ, बघेपर्यंत पसार. आईनं डबा उघडून दशमीचा तुकडा पुढे केला आणि एका मादीनं तो तिच्या तळहातावरून खाल्ला. मग आणखी आली. आई त्यांच्या घोळक्यात उभी राहून दशम्या मोडत होती आणि म्हणत होती, खा गं बायांनो, अंबडची हाय. गाइडनं सांगितलं की ही हरणं इथली नाहीत, कुणी तरी फार पूर्वी बोटीतून आणून सोडली, आणि या बेटांवर त्यांना खाणारं जनावरच नाही. "मंग ही मरतेत कशानं?" आईनं विचारलं. तो म्हणाला, म्हातारी होऊन मरतात. आई त्या मादीच्या कानामागे खाजवत राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "चांगलंय." मी आज कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. या हरणांनी बेटांवरची झाडं कशी खाऊन संपवली ते मी मुलांना सांगते, पण सांगताना माझ्या डोळ्यांपुढे आईचा तो तळहातच येतो.

दुसऱ्या दिवशी बोटीनं आणखी एका बेटावर गेलो. तळाला काच बसवलेल्या होडीतून समुद्राच्या आतलं दाखवलं. खाली पोवळ्याची झाडं, काही मेलेली राखाडी, काही जिवंत, आणि त्यांतून पिवळे, गुलाबी, हिरवे मासे. आई काचेवर वाकून म्हणाली, औषध चोळलेलं बी सांडल्यावानी दिसून राह्यलं. दुकानातलं बियाणं तसंच असतं, रंगाचं. त्या संध्याकाळी तिनं किनाऱ्यावर शंख वेचले. एकेक घर आठवून, हा पाटलीणबाईचा, हा सोनारणीचा असं म्हणत वेचले, पदरात बांधले आणि रात्री हॉटेलच्या खोलीत मोकळ्या झालेल्या डब्यात नीट ठेवले. झाकण पक्कं बसलं नव्हतं. सकाळी उठून बघते तर प्रसाद खोलीभर चालत होता. एक शंख चपलेत, एक आमच्याच खोलीत झोपणाऱ्या भाभींच्या पिशवीवर, एक मोरीच्या वाटेला लागलेला. आई पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "मने, शंखाला पाय फुटले."

ते शंखातले खेकडे होते. हॉटेलवाल्यानं सांगितलं की जिवंत शंख उचलायला इथे बंदी आहे, आणि हे दुसऱ्याच्या टाकलेल्या शंखात बिऱ्हाड करून राहतात. आईचा चेहरा उतरला. कुणाचं घर आपण मुठीत धरून आणलं, याचं तिला फार लागलं. सगळी मंडळी दुसरीकडे जंगल बघायला निघाली होती. आईनं सांगितलं, आम्ही येत न्हाई, ज्याचं त्याला परत करून येतो. भाभींनाही येऊ नका म्हणाली. मग आम्ही दोघीच रिक्षानं त्या किनाऱ्यावर गेलो.

अशी सकाळ मी पुन्हा पाहिली नाही. पाण्यापर्यंत वाकलेली मोठी झाडं, पांढरी वाळू आणि आमच्याशिवाय माणूस नाही. आईनं आदल्या दिवशी जिथून वेचले होते ती जागा शोधली आणि एकेक खेकडा खाली ठेवला. आधी ते आत दडून बसायचे, मग एक पाय बाहेर, मग दुसरा, आणि मग घाईघाईनं पाल्याखाली. प्रत्येक जण जाईपर्यंत ती उकिडवी बसून होती. वर एक पांढऱ्या पोटाचा मोठा गरुड घिरट्या घालत होता, त्यानं खेकड्याला उचलू नये म्हणून ती मधेच हात हलवायची. मग तिनं गल्लीतल्या बायकांची फडकी सोडली. बंदराचं पाणी तेलकट म्हणून तिनं तोवर काही वाहिलं नव्हतं. साडी खोचून ती पाण्यात शिरली, कमरेपर्यंत. एकेकीचं नाव घेऊन तांदूळ सोडले. अंबडच्या बाजारगल्लीतल्या यच्चयावत बायकांची नावं त्या समुद्रानं ऐकली. शेवटी माझं नाव घेतलं, अण्णांचं घेतलं नाही, आमच्याकडे घेत नाहीत, "मनीचे वडील" म्हणाली. स्वतःचं घेतलं की नाही ते मला ऐकू आलं नाही. तेवढ्यात एक लाट आली आणि ती पाण्यात बसली. नाकातोंडात पाणी गेलेली, कुंकू ओघळलेली, माझी आई पोरीसारखी हसत होती. मी तिला उठवायला धावले आणि मीही पडले. आम्ही दोघी तिथेच पाण्यात बसून किती तरी वेळ हसलो. मला आठवतं, मी मनात म्हटलं होतं की दरवर्षी यायचं, आता मामाला पाठवायचंच नाही.

कोरडी साडी बरोबर होती. झाडांच्या आडोशाला मी ओली साडी दोन्ही हातांनी पडद्यासारखी धरून, तोंड फिरवून उभी राहिले, जशा आमच्याकडे नदीवर लेकी उभ्या राहतात. मागून आई म्हणाली, "मने, हुक निघना. बघ जरा." तिनं मला मुद्दाम हाक मारली की हुक खरंच अडकला होता, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी वळले. आतमध्ये पट्टी होती, ती भिजून सुटली होती. डाव्या बाजूची कातडी ओढली जाऊन संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि मधे एक काळसर लाल, उघडी जखम होती. मी बघत राहिले आणि तिनं झाकून घेतलं नाही.

"आई, हे काय गं?"

"गाठ हाय."

"दुखते?"

"आधी दुखत न्हवती. तिथंच घोळ झाला."

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, सीझन लागल्यापासून. दाढ दुखत न्हवती माझी, डॉक्टरला हेच दाखवायला गेल्तो. तिच्या आवाजात रडणं नव्हतं. सामान कुठे ठेवलंय ते सांगताना जसा असायचा तसाच तो होता. मी म्हटलं, आजच्या आज परत जायचं, अण्णांना फोन करू, मुंबईला जाऊ, कुणी तरी असेलच. खूप काही बोलले. ती ऐकत होती. मग म्हणाली, मुंबईचं पन इचारून झालं.

"मंग आता काय करायचं?" मी विचारलं.

"काही न्हाई करायचं," आई म्हणाली. "हुक लाव."

मी हुक लावले. वरपासून खालपर्यंत सगळे. ती श्वास रोखून उभी होती, माझा हात लागून दुखेल म्हणून. त्यानंतर मी खूप परीक्षा दिल्या, बाळंतपणं काढली, माणसं पोचवली, पण त्या हुकांएवढं अवघड काम मी केलेलं नाही.

बेटावरच्या बाजारात एक फोनचं दुकान होतं. आईला बाहेर नारळपाणी घेऊन बसवलं आणि मी अंबडला फोन लावला. मला वाटत होतं की अण्णांना माहीत नसणार. आईनं त्यांच्यापासूनही लपवलं असणार, आणि मी सांगितलं की ते उठतील, धावपळ करतील, शटर ओढून निघतील. त्या फोनवर माझी सगळी आशा होती. मी एका दमात सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "माहीत हाय मला." मी म्हटलं, मंग तुम्ही आम्हाला इथं कशाला पाठवलं? ते म्हणाले, "मने, तिला बघू दे काय बघायचं ते." आणि लगेच, "दुकानात गिऱ्हाईक हाय, ठेवतो." पौष महिना होता तो. पौषात आमच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. फोनमधून मला मोरीचा नळ सोडता दुसरं काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे ते वर, घरात होते.

भाभींना माहीत होतं. निघायच्या आधीच अण्णांनी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं. टूरमधल्या पत्ते कुटणाऱ्यांपैकीही निम्म्यांना माहीत होतं, म्हणून तर बोटीत आईसाठी नेहमी खिडकीची जागा मोकळी असायची. भाभींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तेरी परीक्षा थी बेटा, म्हणून कुणी न्हाई बोललं." बारावीची परीक्षा. आमच्या घरात माझ्या परीक्षेलाही आता सीझनचा मान मिळाला होता. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की रडू आलंच नाही. उरलेलं अंदमान मला आठवत नाही. खारफुटीतून होडी गेली, मगरीची पाटी होती, चिखलावर उड्या मारणारे मासे होते, असं आई पुढे गल्लीत सांगायची आणि मी ते तिच्या तोंडून ऐकून लक्षात ठेवलं. ती मात्र सगळं बघत होती, प्रत्येक गोष्टीकडे बोट करून मला दाखवत होती. मी त्या बोटाकडे बघत होते.

प्रसादाचे शंख शेवटी पोर्ट ब्लेअरच्या दुकानातून विकत घेतले, पॉलिश केलेले, आत कुणी नसलेले. तरीही आई दुकानात प्रत्येक शंख तळहातावर ठेवून थोडी थांबत होती, चालतो का बघायला. परतीच्या रेल्वेत तिनं दशम्यांचा डबा उघडला, तर तळाशी उरलेल्या चुऱ्यात एक खेकडा होता. लिंबाएवढा, राखाडी शंखातला. आमच्या हातून तेवढा एक राहिला होता. परत न्यायला आता मागे समुद्र उरला नव्हता. आई डबा मांडीवर घेऊन अंबडपर्यंत आली.

त्याच्यासाठी तिनं घमेल्यात वाळू घातली, नदीची. स्वयंपाकघरातलं मीठ पाण्यात कालवून, जिभेवर चव बघून, अंदमानइतकं खारट झालं की नाही ते ठरवून पाणी ठेवलं. मी सांगितलं की समुद्राचं पाणी नुसत्या मिठाचं नसतं. ती म्हणाली, आपल्याकडं हेच हाय. दुपारी भाकरीचा तुकडा, खोबऱ्याचा कीस. तो खायचा, घमेल्यात गोल गोल फिरायचा, कडेवर चढायला बघायचा आणि घसरायचा. औरंगाबादच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. आईचे केस गेले आणि ती काश्मिरी लोकरीची टोपी पहिल्यांदा कपाटातून बाहेर आली. ती घालून आई घमेल्यापाशी बसायची. एका सकाळी खेकडा शंखाच्या बाहेर पडलेला दिसला. पुढून कडक, पण मागचं अंग मऊ, वळलेलं, बिनकातडीचं वाटावं असं. आई त्याच्याकडे पाहत राहिली. "आसा आसतो व्हय हा आतून," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता न्हाई जगत त्यो. आपलं मीठ न्हाई लागलं त्याला." तो मेल्यावर तिनं त्याला तुळशीच्या कुंडीत पुरलं. शंख मला दिला. तो अजून माझ्याकडे आहे, त्यात मी काही ठेवत नाही.

अक्षय तृतीया आली. अण्णा म्हणाले, यंदा माल घेत न्हाई, दुकान बंद ठेवतो. मी खिडकीपाशी उभी होते, मला वाटलं, निदान एवढं तरी होऊ दे. पलंगावरून आई म्हणाली, "सीझन सोडू नका." तिच्यापुढे अण्णांचं काही चाललं नाही, किंवा त्यांनी चालवलं नाही. ट्रक आले. पेट्या देवघराशी, टेबलाखाली, जिन्यावर. ज्या वासाचं तिला कधी काही वाटलं नव्हतं त्या वासानं आता तिला उलट्या व्हायच्या, पण पेट्या दुसरीकडे ठेवू देईना. भाकऱ्या मी थापायचे, वेड्यावाकड्या. ती उशीला टेकून मला आवाजावरून सांगायची की पीठ सैल झालंय. रोज संध्याकाळी अण्णा वर आले की विचारायची, आज गर्दी कशी होती. ते हातानं सांगायचे, आवाज बसलेला असायचा. मी दोघांकडे बघत असायचे. कशाचीही वाट बघण्यासारखं राहिलं नव्हतं आणि तरी आम्ही तिघं वाट बघत होतो.

श्रावण अर्धा उलटला तेव्हा कंपनीचा ट्रक न खपलेला माल परत न्यायला आला. जिन्यावरून पेट्या उतरताना तिला वर ऐकू येत होत्या. "गेला का ट्रक?" तिनं विचारलं. मी म्हटलं, गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी तिला चहा पाजत असताना, आई गेली.

गल्लीतल्या बायका आल्या. प्रत्येकीच्या घरी देवापुढे तिनं दिलेला शंख होता. त्या रडत होत्या आणि एकमेकींना कौतुकानं सांगत होत्या, कुणाला तरास न्हाई दिला बाईनं, सीझन निघाल्यावर गेली. अण्णा बंद शटरपाशी बसले होते आणि येईल त्याला तेच सांगत होते. आज माझं वय तिच्या त्या वयाच्या कितीतरी पुढे गेलं आहे, अण्णाही राहिले नाहीत, दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. पण त्या वाक्याचा राग अजून तितकाच ताजा आहे, आणि तो कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

तिला खाली आणायची वेळ झाली. चौघांनी उचललं. मी पुढे जाऊन वळणावर भिंतीला चिकटून उभी राहिले, जिना चढता-उतरताना आम्ही राहायचो तशी आडवी. त्याची काही गरज नव्हती. "बरं झालं," खालच्या पायरीवरून कुणी तरी म्हणालं, "जिना मोकळा हाय."